पाव चमचा युरिया

मी बोलत नाही. म्हणजे मला बोलता येतं, पण चार माणसांसमोर तोंड उघडायची वेळ आली की जीभ टाळ्याला चिकटते, कान गरम होतात आणि नजर आपोआप स्वतःच्या चपलांकडे जाते. (माझ्या चपलांची मला जितकी बारीक माहिती आहे तितकी त्या बनवणाऱ्यालाही नसेल.) त्यामुळे नववीच्या विज्ञान प्रदर्शनाची यादी फळ्यावर लागली तेव्हा मी विज्ञानाच्या प्रेमापोटी विषय निवडला, असं कोणी समजू नये. ज्यात कमीत कमी बोलावं लागेल असा विषय मी शोधत होते. ज्वालामुखीत बोलावं लागतं. सूर्यमालेत तर आठ ग्रहांबद्दल बोलावं लागतं. अकराव्या ओळीवर होतं, ‘नत्रयुक्त खते : उपयोग आणि धोके’.

मला तो विषय एकदम शांत वाटला. टोमॅटोच्या दोन कुंड्या ठेवायच्या. एकीत खत घालायचं, दुसरीत नाही. खताची कुंडी डेरेदार होईल, बिनखताची खुरटी राहील. बघणारा बघेल, मान डोलावेल आणि पुढच्या टेबलाकडे जाईल.

विज्ञानाच्या बाईंनी मला चष्म्यावरून न्याहाळलं. “घे. पण एक अट आहे. तुझा प्रयोग बोलला पाहिजे. दोन कुंड्यांतला फरक दारातून दिसला तर तू गप्प उभी राहिलीस तरी चालेल. नाही दिसला, तर शनिवारी सगळ्या शाळेसमोर पाच मिनिटं तू बोलायचंस. माइकवर.”

मी मान हलवली. माइक या शब्दाने माझ्या तळहातांना घाम फुटला होता. पण तीन आठवडे हातात होते आणि टोमॅटोवर माझा विश्वास होता.

आता आमच्या घराबद्दल सांगायला हवं, कारण सगळा घोटाळा तिथेच झाला. बाबा खतांच्या दुकानात सतरा वर्षं विक्रीला आहेत. आई घरी शिवणकाम करते. बाबांची मोठी बहीण, म्हणजे आमची आत्या, हॉस्पिटलात नर्स आहे आणि आमच्याकडेच राहते. तिघंही फार चांगली माणसं आहेत. त्यांच्यात दोष एकच, चांगलं काम करायचं ते गुपचूप. सहावीत माझी कंपासपेटी हरवली. मी कोणालाच काही सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी माझ्या दप्तरात तीन नव्या कंपासपेट्या होत्या. कोणी ठेवल्या, हे कोणी विचारलं नाही आणि कोणी सांगितलंही नाही. मी त्या तिन्ही आळीपाळीने वापरते, म्हणजे कोणाला वाईट वाटायला नको. (तिन्ही पेट्यांतला कर्कटक पहिल्या आठवड्यातच हरवला, ही गोष्ट वेगळी.)

बाबांनी युरिया आणला तो बिस्किटांच्या रिकाम्या बरणीत. शुभ्र, गोल, टपोरे दाणे.

“अहो, एवढी जाड साखर कुठे मिळाली?” आईने झाकण उघडत विचारलं.

“हात लावू नकोस! युरिया आहे तो.”

“मग खायच्या बरणीत का आणलात?”

“खायच्या बरणीत कधी ठेवू नका, असं मी गिऱ्हाइकाला रोज शंभर वेळा सांगतो,” बाबा म्हणाले.

“तेच विचारतेय. मग का आणलात?”

बाबांनी टोपी काढली, झटकली आणि पुन्हा घातली. उत्तर नसलं की ते असंच करतात.

मी लगेच बरणीवर चिकटवायला चिठ्ठी लिहिली. दुकानातून आणलेल्या माहितीपत्रकातलं सगळं तिच्यात आलं पाहिजे असं मला वाटलं: ‘ही साखर नाही. खाऊ नये. चाटू नये. ओल लागू देऊ नये. विस्तवाजवळ नेऊ नये. मुलांच्या हाती देऊ नये. हाताळल्यावर हात धुवावेत.’ चिठ्ठी बरणीला दोन वेढे घालून उरली. मग बरणी ठेवायची कुठे हा प्रश्न आला. स्वयंपाकघरात गॅस. न्हाणीघरात ओल. बाल्कनीत ऊन. आईच्या मशीनजवळ कापड, इस्त्री आणि आई.

“त्या पत्रकात ‘नायट्रेटच्या गोदामांना आग लागून स्फोट होतात’ असं लिहिलंय,” मी हळूच म्हणाले.

“ते अमोनियम नायट्रेट, बाळा. ते गोदामात, कुलपात असतं,” बाबा म्हणाले. “हा गरीब युरिया आहे. हा काय करणार!”

या गरीब युरियाला शेवटी बाल्कनीच्या दाराच्या आत, पुस्तकांच्या कपाटावर जागा मिळाली. बरणीतल्या दाण्यांच्या पातळीशी मी पेनाने एक रेघ मारून ठेवली. (का मारली, ते मला माहीत नाही. मी रेघा मारणाऱ्यांपैकी आहे.)

बाईंनी प्रमाण सांगितलं होतं: पाव चमचा युरिया, लिटरभर पाण्यात, एकदाच. मी पाव चमचा मोजायला अर्धा तास घेतला. ‘खत घातलेली’ आणि ‘खत न घातलेली’ अशा दोन चिठ्ठ्या काड्यांना लावून कुंड्यांत खोचल्या आणि वहीत तारीख टाकली.

आठ दिवस झाले. दोन्ही रोपं जुळ्या बहिणींसारखी दिसत होती. मी जवळून पाहिलं, लांबून पाहिलं, एक डोळा मिटून पाहिलं. दारातून तर कसलाच फरक दिसेना. मला कानात माइकची खरखर ऐकू यायला लागली. शेवटी घरात कोणी नाही असं बघून मी आणखी पाव चमचा घातला. वहीत ते लिहिलं नाही. आयुष्यात मी केलेला हा पहिला गुन्हा. बरणी परत ठेवताना सहज रेघेकडे पाहिलं.

दाण्यांची पातळी रेघेच्या चार बोटं खाली होती.

मी एकूण अर्धा चमचा काढला होता. चार बोटं म्हणजे निदान दोन वाट्या. दोन वाट्या युरिया कुठे गेला? मी चिठ्ठीकडे पाहिलं, ‘ही साखर नाही.’ मी साखरेच्या डब्याकडे पाहिलं, तो काठोकाठ भरलेला होता. आमच्या घरात चहा दिवसातून चार वेळा होतो आणि सकाळचा पहिला चहा बाबा अर्ध्या झोपेत, चष्म्याशिवाय करतात.

विचारायला हवं होतं. कोणीही शहाण्या मुलीने सरळ विचारलं असतं. मी संध्याकाळी चहाच्या वेळी सगळ्यांच्या कपांकडे बघत बसले.

“चहा... गोड आहे का?”

“आहे की. का गं?” आत्या म्हणाली.

“रोजच्यासारखा गोड?”

“थोडा कमीच आहे,” बाबा म्हणाले.

मी वही पुढे ओढली. “कडू लागतोय? जीभ गार पडतेय का?”

“हिला ताप आहे का बघ गं, ताई,” आई आत्याला म्हणाली. आत्याने माझ्या कपाळाला हात लावला, जीभ बाहेर काढायला लावली आणि “लवकर झोपत जा” असं सांगितलं.

पुढचे चार दिवस मी चहा सोडला आणि सगळ्यांवर नजर ठेवली. बाबांनी जेवताना दोनदा डोकं खाजवलं, तेही लिहून ठेवलं. आई सुईत दोरा ओवताना तीनदा चुकली. आत्या जिना चढताना धापा टाकत होती. (ती नेहमीच टाकते, पण त्या आठवड्यात मला त्या धापा वेगळ्या वाटल्या.) बरणीतली पातळी रोज खाली जात होती आणि माझं वजनही.

तेराव्या दिवशी ‘खत घातलेल्या’ रोपाची पानं टोकाकडून तपकिरी व्हायला लागली. पंधराव्या दिवशी ते रोप मान टाकून बसलं. शेजारची बिनखताची कुंडी मात्र अशी काही फोफावली होती की पानं कठड्याबाहेर डोकावत होती. तिची मातीसुद्धा रोज सकाळी कोणीतरी उकरल्यासारखी भुसभुशीत असायची. मी वहीत लिहिलं, ‘माती आपोआप मोकळी.’

“बाबा, याला काय झालं?”

बाबांनी रोपाकडे पाहिलं, मग छताकडे. टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. “पाणी कमी पडलं असेल,” ते म्हणाले आणि दुकानाची वेळ व्हायच्या तासभर आधी घराबाहेर पडले. आई म्हणाली, “उन्हाने असेल,” आणि मशीन जोरात चालवायला लागली. आत्या जवळ आली. तिने नुसती रोपाची नाडी बघितल्यासारखं एक पान धरलं आणि सोडलं.

त्यातच बाल्कनीत वास सुटला. नाकात जाऊन डोळ्यांतून पाणी काढणारा, उग्र. आईने पदराने नाक दाबलं. “हा बोक्याचा वास आहे,” ती म्हणाली.

बोका म्हणजे तळमजल्यावरच्या व्हॅनवाल्या काकांचा. काका शाळेची व्हॅन चालवतात, एकटेच राहतात आणि त्यांनी बोक्याचं नाव कंडक्टर ठेवलंय, कारण तो सदा त्यांच्या मागे उभा असतो. आई तडक खाली गेली. मी जिन्यात थांबून ऐकत होते.

“काका, तुमचा कंडक्टर आमच्या बाल्कनीत घाण करून जातो.”

“वहिनी, काहीही बोलू नका. माझा कंडक्टर शिस्तीचा आहे. तो जागेवरच जातो.”

“कुठल्या जागेवर?”

“ते त्याचं त्याला माहीत!”

“बघा! म्हणजे तुम्हालाही माहीत नाही!”

शेवटी काकांनी कंडक्टरला खोलीत कोंडून दार लावून घेतलं. दिवसभर तो खिडकीच्या जाळीला नाक लावून ओरडायचा. शाळेत जाता-येता तो माझ्याकडे बघायचा. माझ्या वहीला चिकटवलेल्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलं होतं, ‘ओल्या मातीत युरिया जास्त झाल्यास अमोनियाचा उग्र वास येतो.’ मला ते माहीत होतं. खाली जाऊन फक्त एक वाक्य बोलायचं होतं. मी रोज ते वाक्य जिन्याच्या सातव्या पायरीपर्यंत न्यायची आणि परत आणायची.

प्रदर्शनाच्या सकाळी कुंड्या काकांच्या व्हॅनमधूनच न्यायच्या होत्या. (बाबांच्या स्कूटरवर एक कुंडी, मी आणि अब्रू एवढं बसत नाही.) काका आईशी बोलत नव्हते, पण माझ्यासाठी त्यांनी दार उघडलं. मी मागे बसले. एका हाताला हिरवंगार रोप, दुसऱ्या हाताला सुकलेली काटकी. फरक दारातूनच काय, रस्त्याच्या पलीकडूनही दिसत होता. फक्त तो उलटा होता. खताने झाड मरतं, हे समजावून सांगायला मला बोलावं लागणार होतं. परीक्षकांसमोर. मग शनिवारी. माइकवर.

व्हॅन सिग्नलला थांबली. मी दोन्ही चिठ्ठ्या उपटल्या आणि अदलाबदल करून खोचल्या.

इतकं सोपं होतं ते. हिरवं रोप, ‘खत घातलेली’. सुकलेलं रोप, ‘खत न घातलेली’. प्रयोग घडाघडा बोलायला लागला. माझे कान मात्र शाळा येईपर्यंत गरमच राहिले.

शेतकी कॉलेजातून आलेले परीक्षक उंच होते आणि खिशाला चार पेनं लावून आले होते. त्यांनी दारातूनच माझ्या टेबलाकडे पाहिलं आणि म्हणाले, “वा! हा खरा फरक!” बाई खुलल्या. आई, बाबा, आत्या मागे उभे होते. हिरव्या कुंडीवर ‘खत घातलेली’ वाचून तिघांनीही एकाच वेळी डोळे बारीक केले. पण आमच्या घरात कोणी काही विचारत नाही. मी चपलांकडे पाहिलं. आणखी एक मिनिट, मग ते पुढच्या टेबलाकडे गेले असते.

तेवढ्यात व्हॅनवाले काका आत आले. चेहरा लाल.

“वहिनी! माझ्या गाडीत कोण होतं? मी, ही पोरगी आणि या कुंड्या. बोका घरी, कुलपात. तरी गाडीभर तोच वास! आता बोला!”

“अहो, हळू,” बाबा म्हणाले.

“का हळू? पाच दिवस माझं जनावर कोंडून पडलंय!” काकांनी नाक पुढे केलं, एक-एक कुंडी हुंगली आणि सुकलेल्या रोपावर बोट ठेवलं. “ही! या कुंडीतून येतोय!”

परीक्षकांनीही वाकून वास घेतला आणि चटकन मागे सरले. “अमोनिया आहे. पण...” त्यांनी चिठ्ठी वाचली. “या कुंडीत तर खत घातलेलंच नाही.” थोडा वेळ त्यांनी पेनाने हनुवटी खाजवली. “मग एकच शक्यता. मांजर. मांजराच्या मूत्रातही युरिया असतो. याच कुंडीत जात असणार, म्हणून रोप मेलं.”

“मी म्हणत नव्हते?” आई म्हणाली.

काकांचा लाल चेहरा हळूहळू उतरला. ते माझ्या सुकलेल्या रोपाकडे बघत राहिले. “पोरीच्या प्रयोगाची माती केली त्याने,” ते खालच्या आवाजात म्हणाले. “माफ करा, वहिनी. बाजारापलीकडे माझा मेहुणा राहतो. आज संध्याकाळी कंडक्टरला तिकडे सोडून येतो. कायमचा.”

माझी जीभ टाळ्याला चिकटली होती. कान जळत होते. चपलेच्या डाव्या पट्ट्याचा टाका उसवलाय, हे माझ्या लक्षात आलं. त्या टाक्याकडे बघत, मला स्वतःलाही ओळखू न येणाऱ्या आवाजात मी म्हणाले, “बोका निर्दोष आहे.”

सगळे माझ्याकडे वळले. शेजारचा ज्वालामुखीसुद्धा.

“चिठ्ठ्या मी बदलल्या. खत घातलेलं झाड हे आहे. मेलेलं. मी त्याला पाव चमचा दिला. मग अजून पाव. कोणाला न सांगता. ते माझ्यामुळे मेलं.”

“अर्ध्या चमच्याने एवढं होत नाही,” परीक्षक म्हणाले.

बाबांनी टोपी काढली. यावेळी झटकली नाही. “मी दोन मुठी टाकल्या,” ते म्हणाले. “आठवडा झाला तरी रोप हलेना. सतरा वर्षं लोकांना खत विकतोय, आणि माझ्याच पोरीच्या कुंडीत आमचा माल फुकट जावा? मग पानांची टोकं पाहिली आणि समजलो. पण सांगू कसं?”

“तुम्ही?” आई म्हणाली. “अहो, मला वाटलं मीच मारलं! मी चार मोठे चमचे घातले होते. अंदाजाने.”

“तू कापड अंदाजाने कापतेस तेवढं पुरे नाही का?”

“तुमची मूठ काय मोजपट्टी आहे?”

“भांडू नका,” आत्या म्हणाली. तिने पर्समधून एक सुई नसलेली सिरिंज काढून टेबलावर ठेवली. “मी दाट पाणी करून द्यायचे. दहा मिली. सकाळ-संध्याकाळ. सहा दिवस. अशक्त वाटत होतं गं ते.”

परीक्षकांनी एक पेन काढून गुणांच्या कागदामागे बेरीज केली, ती पाहिली आणि कागद घडी करून खिशात ठेवला. “एवढ्यात तुमच्या शाळेचं अर्धं मैदान हिरवं झालं असतं,” ते म्हणाले.

मला मात्र त्या क्षणी इतकं हलकं वाटलं की विचारू नका. साखरेच्या डब्यात काहीच गेलं नव्हतं. चार दिवसांचा चहा मी उगाच बुडवला होता.

काका माझ्याजवळ आले. त्यांचे डोळे भरले होते. (अमोनियाने असतील, असं आत्या नंतर म्हणाली.) “पोरी, सगळ्यांसमोर माझ्या कंडक्टरची बाजू घेतलीस. मी विसरणार नाही.”

बाई मात्र विसरल्या नव्हत्या. “प्रयोग बोलला का गं?” त्यांनी विचारलं.

मी नकारार्थी मान हलवली.

“मग शनिवारी. पाच मिनिटं. आणि आता तोंड उघडतं हे आम्ही ऐकलंय, तेव्हा आजारी पडू नकोस. विषय मी देते, ‘खताचे योग्य प्रमाण’.”

संध्याकाळी काकांनी खोलीचं दार उघडलं. आई वाटीत दूध घेऊन जिन्याखाली उभी होती. “चुकलंच हो माझं,” ती काकांना म्हणाली आणि मग वाकून बोक्यालाही म्हणाली. कंडक्टर दारात आला, अंग ताणलं, दुधाकडे ढुंकूनही पाहिलं नाही आणि सरळ पाण्याच्या पाइपवरून आमच्या बाल्कनीत चढला. मी धावत वर गेले. मला वाटलं, आभार मानायला आलाय.

तो आधी सुकलेल्या कुंडीपाशी गेला. वास घेतला आणि किळस आल्यासारखा पाय झटकला. मग तो हिरव्यागार, बिनखताच्या कुंडीत चढला, सवयीने पुढच्या पंजांनी माती भुसभुशीत केली, शेपटी वर केली, माझ्या डोळ्यांत डोळे घालून बसला आणि काम उरकून, माती नीट सारखी करून निघून गेला. कुठेही एक थेंब जास्त नाही.

मी वही उघडली आणि ‘माती आपोआप मोकळी’ ही ओळ खोडली. आता शनिवारचं भाषण लिहायला बसले आहे. खताचं योग्य प्रमाण आमच्या अख्ख्या इमारतीत एकालाच कळतं, आणि तो माझ्यासारखाच चार माणसांसमोर तोंड उघडत नाही.